भैरूअण्णांचा फिरता बोल्ट

रामनगरातली माणसं सकाळी उठून चहा पितात. आमचे शेजारी भैरूअण्णा आधी बोल्टाला रॉकेल पाजत. रेशनच्या रॉकेलवर आमच्या घरी स्टोव्ह पेटायचा. अण्णा मात्र स्वतः चुलीत ओली लाकडं फुंकत बसायचे आणि सगळं रॉकेल थेंबथेंब त्या बोल्टाच्या डोक्यावर सोडायचे. वर त्याची चौकशीही करायचे, "काय रं, रात्रीत जरा हललास काय?"

हा बोल्ट त्यांच्या जीपचा. लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप फणसाखाली उभी असे. एके काळी तिने अणशीच्या रानातून बांबू ओढला, अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवलं, दोन-चार वराती मिरवल्या. मग गिअरबॉक्स बिघडला. तो काढायचा तर आधी त्याच्यावरचा पत्रा काढायला हवा. पत्र्याचे बाकीचे बोल्ट रडतखडत निघाले, एक तेवढा अडून बसला. आमच्याकडच्या पावसात माणसाच्या हाडांना गंज चढतो, तिथे लोखंडाचं काय? वरून फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर फिरायचा. दिवसभर फिरवा, बोल्ट आपला जागच्या जागी.

उपाय एकच होता. एकाने जीपखाली झोपून नट पान्याने धरायचा आणि दुसऱ्याने वरून बोल्ट फिरवायचा. पण नटाचे कोपरे झिजून गेलेले, पाना सटकायचा. तरी अण्णा फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे, "जरा पाना धर की!"

या हाकेतून कुणी सुटला नाही. पोस्टमन पत्र द्यायला आला तो जेवूनच गेला. गोव्याकडे निघालेला एक ट्रकवाला पाणी मागायला थांबला आणि अर्धा दिवस गोणपाटावर उताणा पडून राहिला. खाली झोपलेला माणूस पळू शकत नाही. मग अण्णा वरून निवांत विचारत, "भात कसं हाय औंदा? थोरलीचं जमलं काय? तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतोय?" मध्येच आठवण झाली तर बोल्टही फिरवत. माझं कापडाचं दुकान शेजारीच, त्यामुळे मी तर त्यांचा हक्काचा माणूस. माझे एक-दोन सदरे केवळ अण्णांच्या बोल्टासाठी राखून ठेवलेले होते.

नाक्यावरचा फिटर एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, छिन्नी मारून मुंडकं उडवतो. चहा उकळायच्या आत काम!"

अण्णांनी बोल्ट तळहाताने झाकला. "आईला इचारल्याबिगर न्हाई."

आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, घर बांधायचं असो की म्हैस हरवलेली असो, गावदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओली फुलं चिकटवतो. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बोल्टासाठी कौल लावायची मात्र पहिलीच वेळ. अण्णांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "आई, उजवं दिलंस तर थांबतो. डावं दिलंस तर घाई करत न्हाई."

गुरव बघतच राहिला. "अण्णा, मग आईनं पाडायचं तरी काय?"

"पाडू दे की तिला काय पाडायचं ते. तिच्या शब्दाभाईर मी न्हाई."

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बायको गेल्यापासून अण्णा एकटेच. मुलगा परशराम बेळगावला कारखान्यात होता. "बाबा, चला माझ्याकडे," म्हणून तो सारखा मागे लागायचा. अण्णांनी एकदा देवळात सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "येतो की. पण माझ्या जीपनं. बशीनं गाठोड्यागत येणार न्हाई." पत्रा निघाला की बाकीचं काम आठवड्यात करून द्यायला फिटर तयारच होता. म्हणजे बोल्ट सुटला की अण्णांचं गाव सुटलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर परशराम आला तो बेळगावहून झिजलेला नटही धरून ठेवणारी दातेरी पकड घेऊनच. "आज हा काढल्याशिवाय जेवत न्हाई," म्हणाला आणि थेट जीपखाली शिरला. मला पाना देऊन वर बसवलं. अण्णा बाजूला रॉकेलची बुधली घेऊन बसले.

खाली परशराम पकड बसवत होता आणि रस्त्यावरून माणसं जात होती. जाणारा प्रत्येक जण ओरडायचा, "अण्णा, सुटला काय?" अण्णा ज्याच्या त्याच्या नावानं उत्तर द्यायचे, "न्हाई रं गणपा, ताप उतरला काय पोराचा?" "न्हाई गं शेवंते, संध्याकाळी भाकरी दे धाडून!" पोस्टमननं सायकल थांबवून विचारलं, "पाना धरायला येऊ काय?" खालची पकडीची खुडबुड थांबली होती.

मग पकड बसली. मी पाना फिरवला आणि हाताला वेगळंच लागलं. बोल्ट अडला, करकरला आणि एक आटा वर आला. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मी आनंदाने अण्णांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पार उतरलेला. बुधली मांडीवर कलंडली होती, रॉकेल धोतरावर सांडत होतं आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मी पुन्हा पाना फिरवला तो घाबरत घाबरतच.

बोल्ट गरागरा फिरला. पूर्वीसारखाच, मोकळा.

"न्हाई सुटत, बाबा," खालून परशराम म्हणाला. "नुसताच फिरतोय. नट पार गेलाय." तो बाहेर आला, केसांत गंज, पाठीला माती. कुणाकडे न बघता त्याने पकड पुसली. "पुढच्या महिन्यात परत येतो. तवा बघू."

"बघू की," अण्णा म्हणाले. "पण येशील तर ऱ्हायला ये. असली कामं बशीचा टाइम बघून होत न्हाईत."

परशराम जेवला आणि चारच्या बसने गेला. बस वळणाआड जाईपर्यंत अण्णा फाटकाशी उभे होते. बापलेकांचं हे मोडायला नको, एवढंच मला वाटत होतं.

"बघितलास?" अण्णा हळूच म्हणाले. "पोरानं पकड सोडली."

मी म्हटलं, "तुम्हाला कळलं?"

"हातात पाना तुझ्या हुता, पण बोल्ट माझा हाय की रं." त्यांनी पंच्याने डोळे पुसले आणि हसले. "आयवर गेलाय त्यो. तीबी अशीच, काय बी न बोलता माझं राखायची."