वरठीच्या गोदामातील टेकूंची मोहीम आणि ओसरीचा बचाव

भंडारा प्रांती वरठी मुक्कामी, रेलस्टेशनापासून अर्ध्या कोसावर, पितळी भांडी करणारांची सहकारी संस्था आहे. तिच्या संचालक मंडळाने सेवकास हुजूर बोलावून फर्माविले की, गत ज्येष्ठात गोदामी जी मोहीम जाहली तिचे साद्यंत वर्तमान लिहून वार्षिक अहवालास जोडावे, पदरचे काही घालू नये आणि साहेबांचे काही गाळू नये. सेवक संस्थेचा जुना कारकून. बोरू गेला, टाक गेला, बॉलपेन आले, परंतु आज्ञा मोडण्याची रीत अद्याप अंगी आली नाही. तरी जे डोळां देखिले आणि जे कानी आले ते लिहितो. वाचणारांस हसू आल्यास त्यांनी खोकावे.

शके एकोणीसशे चार, दुंदुभी नाम संवत्सर. ते समयी पितळेच्या राज्यावर स्टीलचे परचक्र आले होते. प्रथम वाट्या गेल्या, मग पेले गेले, मग लग्नातला आहेर गेला, आणि शेवटी ज्या घरी तीन पिढ्या पितळेच्या गुंडाने पाणी भरले त्या घरच्या सुनाही चिंचेने घासण्याचा जाच नको म्हणून स्टीलास शरण गेल्या. गुंड म्हणजे पाणी भरण्याचे मोठे भांडे, या मुलुखाची शान. तो कासारांनी ठोकून ठोकून घडवावा आणि गोदामी येऊन बसावा, ऐसा शिरस्ता पडला. घडविणारे हात थांबेनात आणि घेणारे हात येईनात.

हे गुंड धानाच्या तणसात गुंडाळून पॅलेटावर रचीत. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेला बुटका चौरंग. एकावर चोवीस गुंड बसत. पितळ दिसावयास राजबिंडे, परंतु पत्रा पातळ. एका भरल्या पॅलेटावर दुसरे ठेविले की खालच्या गुंडांस पोचे पडावे. म्हणून होती नव्हती ती चोवीस पॅलेटे भुईवरच पसरली, आणि वैशाख सरता सरता गोदामात पाय ठेवावयास जागा उरली नाही.

तेव्हा संस्थेचे व्यवस्थापक राजमान्य राजश्री हिरालालसाहेब यांची नजर ओसरीवर गेली. गोदामाच्या पूर्व दारास लागून कवेलूंची, म्हणजे कौलांची, ओसरी आहे. तेथे नऊ बाया बसून गुंड पुसीत, तणस गुंडाळीत, आणि आढ्याच्या बल्लीस लुगड्यांचे तीन पाळणे टांगीत. सोमवारी फर्मान सुटले ऐसे जे, शनिवारपावेतो माल दुमजली न जाहला तर ओसरी मालास द्यावी आणि बायांनी अंगणात बसावे. अंगण म्हणजे उघडी मुरमाड जमीन, वर झाडाचे पान नाही, आणि दुसरे दिवसापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले नऊ आगीचे दिवस, लागणार. भंडाऱ्याचा नवतपा ज्यास ठाऊक त्यास अधिक सांगणे नको. त्या बायांत तुळसा म्हणून एक होती, तिची लेक पाच महिन्यांची. पाळणा गेला तर लेकरू उन्हात निजविता येत नाही, घरी ठेवावे तर घरी कोणी नाही, म्हणून पाळण्याबरोबर तुळसेचे काम जाणार, हे सर्वांस उघड दिसत होते. साहेबांस दिसत नव्हते, कारण फर्मानात पाळण्याचा उल्लेख नव्हता.

परंतु साहेब नुसते फर्मान काढून बसणारे नव्हेत. त्यांनी पुण्यास प्रशिक्षण घेतले होते आणि तेथे एक अजब शस्त्र पाहिले होते, त्याची मागणी आधीच गेली होती. मंगळवारी नागपुराहून ट्रक आला आणि अठ्ठेचाळीस लोखंडी टेकू उतरले. टेकू म्हणजे एक नळी, तिच्या पोटात दुसरी नळी. आतली वर ओढावी, भोकास भोक जुळवावे, आडवी पिन घालावी, म्हणजे हवी ती उंची साधते. चार कोपऱ्यांस चार टेकू उभारून त्यांवर दुसरे पॅलेट चढवावे, भार टेकूंनी घ्यावा, खालच्या गुंडांस खबरही नसावी. शस्त्र उत्तम. सोबत इंग्रजी पोथी आली, ती साहेबांनी कपाटात सुरक्षित ठेविली.

आता गोदामपाल यादोराव यांचे वर्तमान. मनुष्य इमानी, परंतु ऑडिटाने पोळलेला. दहा वर्षांमागे एक कुलूप हरवले, त्याची चौकशी दोन वर्षे चालली, आणि तेव्हापासून हा ताकच काय पाणीही फुंकून पिई. पिना निराळ्या पुडक्यात आल्या, त्यावर निराळा नंबर होता. यादोरावांनी त्या मोजून पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि कुलूप लाविले. बाहेर काढण्यास सह्या तीन, त्यांतली तिसरी शहापुरास राहणाऱ्या खजिनदाराची, आणि खजिनदार घरच्या लग्नात गुंतलेले. बुधवारी चढाईचा मुहूर्त होता. हमालांचा मुकादम तुलाराम याने अर्ज केला की पिनांविना नळी उभी कैसी राहील. त्यास उत्तर आले की पिनांचा मामला विचाराधीन आहे, तुम्ही चढाई चालू ठेवा. मग साखळीच्या कप्पीने पॅलेट वर गेले, टेकूंवर उतरले, आणि चारही टेकूंनी साहेबांस एकदम मुजरा केला. वरची नळी खालच्या नळीत बसली, वरचे पॅलेट खालच्या गुंडांवर बसले, आणि सोळा गुंड कामास आले. साहेबांनी अहवालात लिहिले की शत्रूच्या बळाचा अंदाज घेतला.

त्याच दुपारी यादोराव सायकल मारीत शहापुरास गेले आणि मांडवात शिरून तिसरी सही घेऊन आले. गुरुवारी पिना निघाल्या. मग भोक कोणते, हा प्रश्न पडला, कारण प्रत्येक नळीस नऊ भोके. साहेबांनी वरून आलेला छापील तक्ता पाहिला. त्यात रकाना होता, "भोक क्रमांक", आणि तो एकच होता. चार टेकूंस रकाना एक, त्या अर्थी चारही टेकू एकाच भोकावर पाहिजेत, ऐसा सिद्धान्त निघाला, आणि फर्मान सुटले की सर्वांनी पाचव्या भोकावर कायम राहावे, कोणी खालीवर करील त्याची गय होणार नाही. वस्तू हलविता यावी म्हणून केली होती. ती न हलविण्याचा हुकूम आमच्या संस्थेत निघाला, याचे नवल सेवकास वाटले नाही. इतकी वर्षे नोकरी उगाच नाही केली.

परंतु फरशीस तक्ता ठाऊक नव्हता. या गोदामी पूर्वी धान उकडण्याचा कारखाना होता, आणि पाणी वाहून जावे म्हणून तळ पूर्वेकडे उतरता ठेविला होता, त्यातही जागोजाग खड्डे. सारखे टेकू त्या तळावर उभे राहिले, आणि वरचे पॅलेट पूर्वेकडे मान कलती करून उभे राहिले. साहेब बोलले की चालेल. कप्पीची साखळी सुटली, आणि वरच्या रांगेतला एक गुंड तणसातून निसटला, खाली आदळला, उताराने पूर्व दार ओलांडून ओसरीत शिरला, आणि तुळसेच्या लेकीच्या पाळण्याखाली भिंतीस लागून थांबला. त्या वेळी पोरगी पाळण्यात नव्हती, तुळसेच्या मांडीवर पीत होती. पाळणा भुईपासून वीतभर उंच, गुंड त्याहून मोठा. लुगड्याची झोळी हेलकावत राहिली. तुळसेने लेकीस घट्ट धरले, आणि दारात उभे यादोराव पांढरेफटक पडले. येथे हसण्याजोगे काही नाही, म्हणून सेवक पुढे जातो.

शुक्रवारी साहेबांनी निवाडा दिला की टेकू सदोष आहेत, आणि शनिवारी दुपारी अध्यक्षमहाराजांची स्वारी पाहणीस येत आहे, तत्पूर्वी ओसरी मोकळी करावी. शनिवारी सकाळी बाया पाळणे सोडू लागल्या. तेव्हा त्या नऊ जणींतली बायजाबाई नावाची गुंड पुसणारी, वयाने पन्नाशीची, माहेर सिहोऱ्याचे, जन्म धानाच्या बांध्यांत गेलेला, ती उठून साहेबांच्या टेबलासमोर गेली. ती जे बोलली ते शब्दशः लिहितो, कारण साऱ्या मोहिमेत अकलेचे बोलणे तेवढेच जाहले.

"साहेब, भुई सारखी नाही, त पाय सारखे कायले ठेवता? बांधीत पाणी सोडलं का पाणीच सांगते कोठं उंच हाये न कोठं खोल. वरच्या फळीवर परात ठेवा, परातीत पाणी टाका, न पाणी जिकडं जाईल तिकडचा पाय उचला. चारही पायाचे भोकं येगयेगळे आले त येऊ द्या."

साहेबांनी शांतपणे ऐकिले, आणि उत्तर दिले की चार निराळे आकडे लिहावयास तक्त्यात जागा नाही. मग जीप मागवून अध्यक्षांस आणावयास भंडाऱ्यास निघून गेले.

बायजाबाई परतून यादोरावांकडे आली. परात पाहिजे होती, तीही रुंद, आणि तसल्या पराती गोदामी फळीवर रचून ठेविल्या होत्या, परंतु तो माल, आणि मालास तीन सह्या. तिने मागितली नाही, नुसती परातींकडे पाहत उभी राहिली. यादोराव ओसरीकडे पाहत होते. तुळसा बल्लीची गाठ सोडीत होती, आणि ती गाठ सुटत नव्हती.

"बाई, परात मी देतो," यादोराव बोलले. "सह्या मंग पाहू."

आणि ज्या हाताने दहा वर्षांत एक पिन सहीविना काढिली नव्हती, त्याच हाताने त्यांनी फळीवरची सर्वांत मोठी परात ओढून काढिली. सेवकाने मोठमोठ्या सभांत शाली मिरविणारे शूर पाहिले, परंतु शौर्य म्हणून जे असते ते त्या दिवशी त्या हातात पाहिले.

मग तिसरे युद्ध सुरू जाहले. रिकामे पॅलेट टेकूंवर ठेविले, त्यावर परात, परातीत रांजणातले पाणी. पाणी पूर्वेच्या काठी धावले. बायजाबाईने बोट दाखविले, तुलारामाने पूर्वेचा टेकू एक भोक उचलिला. पाणी दक्षिणेस वळले, तिकडचा उचलिला. मग उत्तरेचा उतरविला. उरली कसर खापराचा तुकडा खाली सारून काढिली. शेवटी परातीत पाणी चहूकडे सारखे उभे राहिले, आणि कवेलूंच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा त्यात थरथरला नाही. तेव्हा बायजाबाईने मान हलविली आणि भरले पॅलेट वर चढले. चार टेकूंची भोके आली ती ऐसी, चार, सहा, पाच, सात. पुढच्या जागी आणखी निराळी. नऊही बाया पाणी वाहत होत्या, तुलारामाचे हमाल कप्पी ओढीत होते, आणि दुपारी तीनपर्यंत बाराच्या बारा थप्प्या दुमजली उभ्या राहिल्या. एकाही गुंडास पोचा पडला नाही. अर्धे गोदाम मोकळे जाहले.

चार वाजता जीप आली. अध्यक्षमहाराज पाहून थक्क जाहले, आणि पुसते जाहले की हे कोणत्या युक्तीने साधले. हिरालालसाहेब बोलले की पाचव्या भोकाने. यादोरावांनी तक्ता पुढे केला, एकच रकाना होता, त्यात साहेबांनी पाचाचा आकडा घातला, आणि खाली तिन्ही सह्या त्याच दिवशी जाहल्या. त्या तक्त्याच्या नकला पुढे तीन संस्थांस गेल्या. त्या संस्थांच्या गुंडांस परमेश्वर सुखी ठेवो.

पुढील पक्षात सत्कारसभा भरली. साहेबांस शाल, श्रीफळ आणि "टेकूवीर" असा किताब मिळाला. बायजाबाईसही आठवण ठेवून व्यासपीठावर बोलाविले आणि चार टाळ्यांत इनाम दिले. कागद उघडला तो आत स्टीलचा डबा. पितळेच्या संस्थेने पितळेच्या बाईस स्टीलचा डबा दिला, हे पाहून पुढे बसलेल्या कासारांनी माना खाली घातल्या. बायजाबाईने सभेत नाही, खाली उतरून यादोरावांस विचारिले, "गुंडच काहून नाही दिला जी?" यादोरावांनी सांगितले की गुंड हा माल, त्यास तीन सह्या लागतात, डबा बाजारातून आणिता येतो. त्यावर ती बोलली, "बरं झालं. घासा लागत नाही." आणि डबा काखेत मारून ओसरीत कामावर गेली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सदर गुंड आजही वरच्या मजल्यावर आहेत, एकासही पोचा नाही आणि एकासही गिऱ्हाईक नाही. ओसरी बायांकडे कायम राहिली. पाळणे फिरून त्याच बल्लीस बांधिले, तुळसेची लेक आता रांगते, आणि त्या डब्यात बायांच्या लेकरांचे मुरमुरे असतात. परात फळीवर परत गेली नाही, ती ओसरीत आहे. ऑडिटास ती कमी भरली, तेव्हा यादोरावांनी लिहून दिले की मोहिमेत कामास आली.

भोक क्रमांक पाच लिहावा ऐसी आज्ञा, म्हणून पाच लिहिला. येथे बॉलपेन ठेविले.