बिनचूक माणसाची पंचाईत

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट वर नेणं सोपं असतं. ती हवी तिथे थांबलीही पाहिजे, आणि ते काम ब्रेकचं. हे ब्रेक ज्या गृहस्थांच्या हाताखालून जात, त्यांना आम्ही सगळे तपासनीसच म्हणत असू. त्यांनी तपासलेली एकही लिफ्ट कधी पडली नव्हती. हा त्यांच्या नोकरीतला मोठा दोष आहे, हे मात्र एका सोमवारपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या सोमवारी साहेबांनी नेतृत्वगुण शिकवणारे एक प्रशिक्षक बोलावले. "खरा नेता आपली चूक चारचौघांत कबूल करतो," असं प्रशिक्षकांनी सांगितलं. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी लगोलग परिपत्रक काढलं. यापुढे दर सोमवारी कबुलीसभा भरेल, आणि किमान एक समाधानकारक चूक कबूल केल्याखेरीज कोणालाही बढती मिळणार नाही. पहिली कबुली त्यांनी स्वतःच दिली. "मी जरा जास्तच कष्ट करतो," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग आस्थापना विभागाच्या बाई उठल्या. "मला कोणाला नाही म्हणताच येत नाही," म्हणाल्या. आदल्याच आठवड्यात त्यांनी माझी रजा नामंजूर केली होती, पण मी टाळ्या वाजवल्या.

तपासनीसांची पर्यवेक्षकपदाची बढती ठरल्यातच जमा होती. वहिनींनी ती माहेरी कळवूनही टाकली होती. पाळी आली तेव्हा तपासनीस उभे राहिले, बराच विचार करून म्हणाले, "साहेब, तशी काही चूक झालेली नाही."

सगळ्यांनी प्रशिक्षकांकडे पाहिलं.

"चूक नाही म्हणणं, हीच सगळ्यात मोठी चूक," प्रशिक्षक म्हणाले.

"मग तीच लिहून घ्या."

"ती मी शोधली. तुम्हाला तुमची स्वतःची आणावी लागेल."

घरी गेल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, "अगं, माझं काही चुकतं का?" इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच उत्तर हवं म्हणून विचारला गेला होता. वहिनी हातातलं काम टाकून समोर येऊन बसल्या. "अहो, आधी कागद तरी घ्या!"

पुढच्या सभेत तपासनीसांनी पलंगावर ओला टॉवेल टाकण्यापासून सासऱ्यांच्या आजारपणात उशिरा पोचण्यापर्यंत सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. साहेबांनी जांभई दाबली. "या घरगुती चुका झाल्या. त्या सगळ्यांच्याच असतात. कामातली आणा की एखादी. लहानशी चालेल. ब्रेकमध्ये नाही का एखादी?"

"ब्रेकमध्ये लहान चूक नसते, साहेब."

"बघा, पुन्हा अहंकार!"

दरम्यान वहिनींच्या माहेरून अभिनंदनाचे फोन यायला लागले. मेव्हण्याने तर 'पर्यवेक्षकसाहेब' अशी हाक मारायलाही सुरुवात केली. तपासनीसांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी आयुष्यातली पहिली थाप मारली, आणि तीही भर सभेत.

"आपल्या या इमारतीच्या लिफ्टचा ब्रेक मी न तपासताच सही ठोकली," ते खाली मान घालून म्हणाले.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. प्रशिक्षकांना गहिवरून आलं. साहेबांनी तपासनीसांना मिठी मारली आणि बढती जागच्या जागी जाहीर केली. मग आम्ही सगळे जिन्याने खाली उतरलो.

कचेरी नवव्या मजल्यावर आणि साहेबांचं गुडघ्याचं दुखणं जुनं. निम्म्या वाटेवर ते जिन्यातच बसले. त्यांचा चेहरा बघून तपासनीसांना राहवलं नाही.

"साहेब, लिफ्टने चला. ब्रेक ठणठणीत आहे. मी स्वतः तपासलाय."

"मग मघाशी म्हणालात ते?"

"खोटं बोललो, साहेब. बढतीसाठी."

ही कबुली खरी होती, त्यामुळे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब कठडा धरून उठले. "चारित्र्य नावाची काही चीज असते की नाही?" म्हणाले, आणि उरलेले मजले रागाच्या भरात न थांबता उतरले. संध्याकाळपर्यंत तपासनीसांची बढती गेली, पाठोपाठ नोकरीही गेली. मला फार वाईट वाटलं. तसं त्यांना फोन करून सांगायचंही माझ्या मनात आहे.

जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं. तिथे आमच्या स्टोअरवाल्यांची नेमणूक झाली. "मी पटकन विश्वास ठेवतो," ही त्यांची कबुली साहेबांना फार भावली होती. ते ब्रेकवरही विश्वास ठेवतात. उघडून बघत बसत नाहीत, त्यामुळे आता कामं झटपट उरकतात. त्यांच्या सहीचा कागद तुमच्या लिफ्टमध्ये आरशाखाली चिकटवलेला आहे. आज सकाळी तुम्ही त्याच्यासमोरच उभे होता, केस नीट करत.