होडीच्या तळाला चार बोल्ट

म्हाळू सखाराम कोळपे, वय ऐंशीच्या पुढं, माजी नौसैनिक, राहणार भीमेच्या अलीकडच्या काठावर, तालुका शिरूर, यांच्यावर गेल्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावादेखत अन्याय झाला. तो होत असताना त्यांच्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता आणि मागं ताशा वाजत होता. त्यामुळं बऱ्याच जणांना तो सत्कार वाटला.

म्हाळूआबा माझे शेजारी. तुम्ही त्यांना ओळखत नसाल तर एवढंच सांगते, हा माणूस प्रत्येक वस्तू उलटी करून बघतो. चहाचा कप हातात दिला की आधी तो उचलून डोक्याच्या वर धरणार आणि खालून बघणार. अर्धा चहा बशीत, पाव चहा धोतरावर. शिरूरच्या बाजारात माठ घ्यायला गेले तर कुंभाराचे सगळे माठ पालथे घालून ठेवायचे, आणि घ्यायचे एकच. मी स्कूटर घेतली तेव्हा सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. आबा रस्त्यावर उताणे झोपले, सरपटत स्कूटरखाली गेले आणि तिथून ओरडले, "पोरी, वरनं रंग कुनीबी मारतं. तळ बघ आधी!"

"तळ बघ आधी" हे त्यांचं ब्रीद. ते माणसांनाही लागू. एकदा निवडणुकीत बापूसाहेब मत मागायला आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं पंधरा पोरं. आबा म्हणाले, "मत देतो की. जरा बूट काढा." बापूसाहेबांना वाटलं, घरात बोलावतायत. त्यांनी बूट काढला. आबांनी तो उलटा केला, तळव्यावर नख ओढलं आणि पोरांना दाखवला. "ह्यो मानूस चाललेलाच न्हाई रं!"

बापूसाहेब निवडून आले. बूट मात्र विसरले नाहीत.

ही सवय जहाजावरची. आबांचा बाप मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचा. एका वर्षी पोरानं समुद्रात उभं जहाज बघितलं आणि मेंढरांतलं लक्षच गेलं. पुढं भरती झाला. बापानं एकच प्रश्न विचारला, "तितं चारायला काय हाय?" नौदलात आबांना काही तोफ मिळाली नाही. मिळाला तळ. जहाज सुक्या गोदीत आलं की त्याच्या पोटाखाली उभं राहायचं, चिकटलेले शिंपले खरवडायचे, गंज काढायचा, रंग द्यायचा. त्या युद्धनौकेचा वरचा भाग आबांनी कमीच बघितला असेल, पण तिचं पोट तोंडपाठ होतं. "वर सायेब लोक सलामी ठोकत्यात. बुडायचं का तरायचं ते खाली ठरतं," असं ते म्हणायचे.

सोयरीक बघायला गेले तेव्हा मुलगी कांद्यापोहे घेऊन आली आणि या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं, "पायाचे तळवे बघायचे हायती." मुलीकडचे उठायलाच निघाले होते. मुलगीच म्हणाली, "बघू द्या की. झिजायचे हायत का?" टाचांना ही मोठमोठ्या भेगा. आबा म्हणाले, "ही चाललेली हाय. टिकंल." मला हे त्या मुलीनं, म्हणजे धुरपदाआजीनं स्वतः सांगितलंय, भाकरी थापता थापता. वर म्हणाली, "आन् ह्यांचे तळवे बघितले आसते तर म्या नगं म्हन्ले असते. बायकागत मऊ. जहाजावर चालायला जागा कुठाय!"

आबा निवृत्त झाले, मागून त्यांचं जहाजही निवृत्त झालं. त्याचं संग्रहालय होणार असं कुणीतरी बोललं, आणि आबांनी ते धरून ठेवलं. आजीला म्हणायचे, "आत्ता नगं. म्यूझम झालं की तिकीट काढून, रुबाबात नेतो." आजी शेजारणींना सांगायची, आमाला जहाजावर जायचंय. लोक हसायचे, तीही हसायची, पण ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं. नऊवारी, हिरवं, लाल काठाचं.

जहाज कापलं. जागा नाही, परवडत नाही, जुनं झालंय. ज्या पोटावर या माणसानं आपली जवानी घासली, ते पोट भंगारात गेलं आणि आमच्याकडं कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही. आपल्याला लढाई जिंकल्याचा स्टेटस ठेवायला आवडतो. जिनं जिंकून दिली तिला ठेवायला जागा नसते. त्यानंतर आबा स्टीलचा पेला हातात आला की उलटा करायचे, टिचकी मारायचे, कान लावायचे. "ह्यात आमचं जहाज आसंल," म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसत नसायचे.

आजी त्याच सुमारास गेली. जहाज न बघता.

उरली ती गावाची होडी.

आमच्या गावासमोर भीमा, नदीपलीकडं दौंड तालुका. पूल नव्हता तेव्हा पाटसच्या कारखान्याला जाणारे, दौंडला रेल्वे धरणारे, सासरी निघालेल्या पोरी, सगळे त्या होडीतनं जायचे. बैलगाडीसुद्धा चाकं सोडून चढवायचे. पूल झाला आणि होडी कुणाचीच राहिली नाही. घाटाखाली उथळ पाण्यात पडून राहिली. दर वर्षी थंडी सरली की आबा तिच्यात दगड भरायचे आणि तिला बुडवून टाकायचे. पावसाळ्याआधी दगड काढून पुन्हा वर. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, दगड भरतो, दगड काढतो.

डोकं ठिकाणावर होतं. लाकडी होडी उन्हात वाळली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पाण्याखाली ठेवली की फळ्या फुगून एकमेकींना धरून राहतात. नावाड्यांची जुनी रीत आहे ती. गेल्या पिढीतल्या कुणालाही विचारा. कुणी विचारलं नाही.

मग बापूसाहेबांना वारसा सापडला. समिती झाली, ते अध्यक्ष. आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी क्रेन आणून ती होडी बाहेर काढली. फ्लेक्स एवढा मोठा होता की नदी दिसेना. त्यावर लिहिलं होतं, "बुडालेला वारसा वर काढणारे कणखर नेतृत्व". आबांनी जपायला बुडवलेली होडी यांनी वाचवायला म्हणून उन्हात काढली. पुलाच्या तोंडाशी सिमेंटचा चौथरा, त्यावर लोखंडी अँगल, अँगलवर होडी. भगवा आणि निळा ऑईलपेंट. कडेनं लायटिंगची माळ. पुढं दोन पायऱ्या, सेल्फीसाठी.

सत्काराला आबांना बोलावलं, माजी नौसैनिक म्हणून. शाल पांघरली. बापूसाहेब माइकवर म्हणाले, "आबांनी आता दोन शब्द..." तर आबा व्यासपीठावर नाहीतच. शाल-नारळासकट ते चौथऱ्यावर उताणे झोपून होडीखाली शिरले होते. बाहेर फक्त पाय. ताशा थांबला. खालून आवाज आला.

"तळाला भोकं कुनी पाडली?"

समितीचा एक उत्साही म्हणाला, "आबा, बोल्ट टाकल्यात. चोरीला जाऊ नये म्हणून. चार बोल्ट, एकदम मजबूत. आन् कडेनं जरा फट ठेवलीया, पावसाचं पाणी साचू नये म्हणून."

"होडीत पानी साचू नये म्हून होडीला भोक," आबा खालूनच म्हणाले. "शाबास. आता बुटात पाय जाऊ नये म्हून बूट शिवा."

लोक हसले. बापूसाहेबही हसले. मग माइक बंद करून म्हणाले, "बाहेर वढा रं त्यांना." दोन पोरांनी पाय धरून ओढलं. शाल खिळ्याला अडकून फाटली. नारळ गडगडत नदीकडं गेला.

त्याला अन्याय म्हणतात. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

फाल्गुन सरला, चैत्र तापला. होडीच्या सांध्यांत आधी नख जाईना, मग जाऊ लागलं, मग बोट. ऑईलपेंट पापडासारखा सुटला. आबा रोज नदीवरून हंडा भरून आणायचे आणि होडीत ओतायचे. पाणी सांध्यांतनं आणि बोल्टांच्या कडेनं गळून जायचं. ते पुन्हा जायचे. पुलावरच्या गाड्या थांबायच्या, पोरं व्हिडिओ काढायची, "बाबा, झाड लावलंय काय?" कोरेगाव भीमाकडून आलेल्या एका कुटुंबानं त्यांना कामगार समजून होडीपुढं आपलाच फोटो काढायला लावला. आबांनी काढला. फोन आधी उलटा करून बघितला, मग काढला.

समितीनं तक्रार दिली, स्मारकाचं विद्रूपीकरण. चौकीवर मी बरोबर गेले होते.

हवालदार म्हणाले, "आबा, तुम्ही होडीत पाणी ओतता म्हणे."

"मग काय वतायचं?"

"अहो, होडी पाण्यात असते. पाणी होडीत नसतं."

"म्या बी त्येच म्हंतोय! तिला पान्यात ठिवा की!"

हवालदारांनी पेन खाली ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, यांचं बरोबर आहे. पण तक्रार यांच्यावर आहे." आमच्या देशाचा कारभार याहून थोडक्यात कुणी सांगितलेला नाही.

मी बापूसाहेबांकडं गेले. म्हणाले, "पोरी, पाण्यात ठेवली तर कुजंल की. अक्कल वापर." आणि आनंदानं पुढची योजना सांगितली. अक्षय्य तृतीयेला होडीत माती भरायची, शोभेची झाडं लावायची. वारसाही आणि पर्यावरणही. रोपांची ऑर्डर गेली आहे. होडीची कुंडी होणार.

एकदा माती भरली की संपलं. ओली माती, वाळवी आणि मुळं. पुढच्या वर्षी ती फळ्याफळ्यांनी सुटेल, आणि तेव्हा हेच म्हणतील, जुनी होती, जागा नव्हती, परवडत नव्हतं.

हे सांगायला मी परवा आबांकडं निघाले. वाटेत पुलाशी थांबले, कारण होडीत पाणी दिसलं. टिकलेलं. सकाळचं ऊन त्यात हलत होतं. चौथऱ्याखालून ठकठक ऐकू येत होती. वाकून बघितलं तर आबा उताणे, छातीवर डांबराचा डबा, हातात लाकडी हातोडी. कापडाची पीळ घातलेली वात डांबरात बुडवायची, सांध्यात धरायची, ठोकायची. बोल्टांच्या कडेनंही तशीच भरलेली. डांबर न लागलेलं एक टोक खाली लोंबत होतं.

हिरवं. लाल काठाचं.

"आबा, हे आजीचं लुगडं."

"व्हय. सूत चांगलं हाय. जुनं सूत पानी धरतं."

ठकठक सुरूच.

"ठेवणीतलं होतं ना? जहाजावर जायचं..."

हातोडी थांबली. होडीखालून, तळाकडं बघतच ते बोलले. "म्या लई पानी बघितलं पोरी. सात समुद्र म्हन. तिला येक दाखवाय जमलं न्हाई. लगीन करून आनली ती ह्या होडीतनं. मधल्या फळीवर बसली हुती. पाय वर घिऊन, वल्लं व्हतील म्हून. ती आन् मी मिळून चढलो, ते ह्येच येक जहाज." हातोडी पुन्हा उचलत म्हणाले, "ही गेली की मंग झालंच."

एवढी भाषणं देणारी मी उठले, नदीवर गेले, हंडा भरून आणला, ओतला.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही शिरूरचे असा, दौंडचे असा, पूल ओलांडून सणसवाडीला ड्यूटीला जाणारे असा. अक्षय्य तृतीयेला तुम्ही आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचा करा भरता. या वर्षी तो आदल्या दिवशी सकाळीच भरा आणि पुलाच्या तोंडाशी घेऊन या. होडीत ओता. मग खाली वाका आणि तळ बघा. चार बोल्ट आहेत, गंजलेत. बाभळीच्या चार खुंट्या आबांनी तासून ठेवल्यात, भोकं बुजवायला. क्रेन नको म्हणतात, माणसं आणा म्हणतात. घाट तिथून खालीच आहे.

तुमच्या घरात पाना आहे. तो घेऊन या.