मागाराआजींच्या डोक्यावरचे पाय

नेमाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. दहा पावलांवर बिस्किटाएवढी पत्र्याची चकती ठेवा, मी शिंकता शिंकता पाडून दाखवतो. माएबाशीत आमचा क्लब आहे, एका बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये. पिस्तुलं हवेची, छर्रे प्लास्टिकचे. आपल्या जपानात साध्या माणसाच्या हातात खरं पिस्तूल देतंय कोण? पण खेळ खराच. टायमर ‘पीं’ म्हणाला की खोट्या भिंतींमधल्या खिडक्या-दारांतून पळत जायचं, दिसेल ती चकती पाडायची. सगळ्या चकत्या कमी वेळात पाडेल तो जिंकला.

म्हणजे नेमाबरोबर पायही लागतात. इथेच माझ्यावर अन्याय होतो.

जूनमध्ये शरदातल्या सामन्यासाठी तिघांचा संघ ठरायचा होता. दोन जागा भरलेल्या. तिसऱ्या जागेसाठी दोन नावं उरली. एक मी, तोकुमारू, वय एक्कावन्न, न्हाणीघराच्या फरश्यांच्या कारखान्यात नोकरी. दुसरे ओगामीसान, वय सहासष्ट, निवृत्त पोस्टमन. बारा वर्षं मी या क्लबात छर्रे झाडतोय आणि एकदाही संघात गेलेलो नाही. त्यामुळे दुसरं नाव ऐकून मला फार प्रेम आलं ओगामीसानचं.

“दम लागला तर सांगा हं,” मी म्हणालो. “मध्ये एक खुर्ची ठेवू.”

“ठेवा की,” ओगामीसान म्हणाले. “तुम्ही पोचेपर्यंत बसतो.”

सगळे हसले. क्लबाचे प्रमुख हातानाकासान व्यवसायाने न्हावी. माणसाचं डोकं हातात धरून खरं बोलायची त्यांना सवय. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि मोबाइलवर माझाच व्हिडिओ दाखवला.

“नेम वाघाचा आहे, तोकुमारूसान. पण या खिडकीकडून त्या खिडकीकडे जाताना बघा. काठोकाठ भरलेला सुपाचा वाडगा घेऊन निघाल्यासारखे दिसता.”

“पळण्यात मी थोडा कमी पडतो.”

“पळण्यात वेळ जातच नाही. निघण्यात जातो आणि पोचण्यात जातो. निघायच्या आधी तुम्ही जागच्या जागी पाय आपटता. पोचल्यावर तीन पावलं थांबायला घेता. मग सरळ उभे राहता, मग पिस्तूल वर. अहो, पोचताना गुडघे वाकलेले हवेत आणि पिस्तूल डोळ्यासमोर आधीच आलेलं हवं. नव्वद दिवसांनी निवड आहे.”

“नव्वद दिवसांनी माझे पाय तुम्हाला ओळखू येणार नाहीत,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

त्याच संध्याकाळी सात वाजता मी घरी स्पर्धेचे बूट घातले, रिकामं पिस्तूल हातात घेतलं आणि बाहेरच्या खोलीत चटईवर पहिलं पाऊल टाकलं.

“पायात काय आहे?” चिझुरूने विचारलं. अगदी हळू विचारलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती ओरडते तेव्हा काही नसतं. हळू विचारते तेव्हा बाल्कनीत झोपावं लागतं.

“सामन्याचे बूट. त्याच बुटांत सराव केला तर...”

“माझ्या चटईवर?”

शेवटी तह झाला. बुटांत सुरुवात करायची ती दाराबाहेरच्या व्हरांड्यातून. आत शिरायचं, पायरीपाशी बूट काढायचे, नीट ठेवायचे, मग दोन्ही खोल्यांतून पळायचं. टायमर चिझुरू धरणार.

“आणि वेळ बूट काढण्यासह मोजणार,” ती म्हणाली. “नाहीतर तुम्ही भिरकावून द्याल. जोडीने ठेवायचे. तोंड दाराकडे.”

पहिल्या दिवशी तेवीस सेकंद लागले. त्यातले सहा बुटांचे. चिझुरू कामात चोख आहे; एका हातात टायमर, दुसऱ्या हातात फक्त बुटांसाठी वेगळं घड्याळ. मी नाड्या काढून रबरी नाड्या घातल्या. पाच सेकंद झाले. मग टाचेने टाच दाबायची युक्ती सापडली. तीन! पुढे पुढे तर मी बूट हातही न लावता उतरवायला लागलो आणि ते आपोआप तोंड फिरवून बसायला लागले. नेमबाजीच्या सरावात आपली खरी प्रगती बूट काढण्यात होते आहे, याचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं.

आतली गोष्ट मात्र वेगळी होती. मोजे घालून चटईवर पळता येतं, थांबता येत नाही. दुसऱ्याच दिवशी मी कागदी सरकत्या दारातून खांद्यासकट पलीकडच्या खोलीत गेलो. चिझुरूने भोकावर रीतीप्रमाणे फुलाच्या आकाराचा कागद कापून चिकटवला. मग दुसरं फूल. मग तिसरं. ऑगस्टपर्यंत दाराला असा बहर आला, की गॅसचं मीटर वाचायला आलेला माणूस म्हणाला, वा, तुमच्याकडे चेरी उशिरा फुलतात.

आता खालच्या मजल्याकडे वळू. आमच्या बरोबर खाली मागाराआजी राहतात. वय ऐंशी, एकट्या, कान तरण्याताठ्या पोरीचे. त्यांना रोज संध्याकाळी सातला काय ऐकू येत होतं? आधी पीं. मग धाड, धाड, धाड. मग फर्र. आणि मग माझ्या बायकोचा आवाज: “मंद. परत जा. गुडघे वाकवा म्हटलं ना? परत.”

पहिल्याच आठवड्यात मी गोड डाळीच्या वड्यांचा डबा घेऊन माफी मागायला खाली गेलो. पण सांगायचं काय? एक्कावन्न वर्षांचा माणूस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन घरात पळतो, हे ऐंशी वर्षांच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? आपल्यात अशा वेळी वाक्य अर्धं सोडायची सोय आहे. मी ती वापरली.

“वर जरा आवाज होतो...” मी वाकून म्हणालो. “बायको थोडी... म्हणजे माझ्या भल्यासाठीच... आता सवय होतेय.”

मागाराआजींनी माझ्या कोपराकडे पाहिलं. दाराची चौकट लागून ते निळं झालं होतं. मग त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

“मी काही विचारणार नाही,” त्या म्हणाल्या.

किती समंजस बाई, असं म्हणत मी वर आलो.

दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला पिशवी. आत लोणचं घातलेली वांगी आणि चिठ्ठी: ‘तोकुमारूसान, केव्हाही खाली या. दार उघडंच असतं.’

“माझं नाव का नाही यावर?” चिझुरूने विचारलं.

“मी लाघवी आहे ना,” मी म्हणालो आणि वांगी संपवली.

ऑगस्टच्या मध्यावर गल्लीची सूचनांची पाटी फिरत फिरत आमच्या घरी आली. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. चिझुरूने शिक्का उचलला आणि थांबली.

“‘काचेचा कचरा मंगळवारी. तसेच घरातल्या माणसाशी मऊ बोलूया, विशेषतः संध्याकाळी सातच्या सुमारास.’ सातला कोण ओरडतं हो आपल्याकडे?”

“असेल कोणीतरी,” मी म्हणालो. सातला पाच कमी होते. तिच्या हातात टायमर होता.

भांडं फुटलं टोफूवाल्याकडे. चिझुरू परतली ती तांबडीलाल होऊन.

“त्याने मला विचारलं, ‘साहेबांना जेवायला देता ना वेळेवर?’ आणि दोन वड्या जास्त घातल्या. म्हणाला, या त्यांच्यासाठी, लपवून ठेवू नका.” मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही मागाराआजींना काय सांगितलंत?”

मी माझी अर्धी वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली.

“आणि उरलेली अर्धी?”

“ती समोरच्याने समजून घ्यायची असतात.”

“घेतली त्यांनी.”

त्याच संध्याकाळी मागाराआजींना वर बोलावलं. त्या कपडे वाळत घालायची काठी घेऊनच आल्या आणि माझ्या व चिझुरूच्या मध्ये बसल्या. मी व्हरांड्यात गेलो. पीं. दार, बूट, धाड धाड धाड, पहिली खोली, फर्र, दुसरी खोली. परत येऊन मी पिस्तूल दाखवलं, खेळ सांगितला, संघातली जागा सांगितली, बारा वर्षं सांगितली. या वेळी सगळी वाक्यं पुरी केली.

आजींनी काठी खाली ठेवली.

“म्हणजे मार नाही.”

“नाही.”

“साठ दिवस मी खाली जीव मुठीत धरून बसले. आणि तुम्ही खेळत होता.”

मी कपाळ चटईला टेकवलं. चिझुरूने टेकवलं. वर बघायची हिंमत दोघांना होईना.

“मग एक सांगते,” वरून आवाज आला. “निघताना तुमचा उजवा पाय दोनदा आपटतो. पहिला कशाला आपटता? आणि त्या खोलीत पोचलात की धप, धप, धप. तीन. तिथे एक पुरे.”

मी डोकं वर केलं. न्हाव्याने व्हिडिओ बघून सांगितलं होतं ते आजी न बघता सांगत होत्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“छत माझं आहे,” मागाराआजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सातला आजी खाली झाडू घेऊन बसायला लागल्या. माझं पाऊल चुकलं की छताला दांड्याने ठक. पहिल्या संध्याकाळी एक्केचाळीस ठक झाले. हळूहळू अक्कल आली. निघताना पाय आपटायचा नाही. ज्या बाजूला जायचं तिकडे अंगच झुकवायचं आणि मागच्या पायाने ढकलायचं. पोचायच्या आधी पावलं बारीक करायची, गुडघे वाकलेलेच ठेवायचे, म्हणजे देह आणि पिस्तूल एकदमच पोचतात. एक्केचाळीसचे वीस झाले, वीसचे चार. दारावर नवीन फुलं येणं थांबलं. टोफूवाल्याला आजींनी स्वतः जाऊन समजावलं. जास्तीच्या वड्या तेवढ्या बंद झाल्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा साडेसातला आजी वर आल्या. “आज सराव नाही का? बरं नाही का तुम्हाला?”

“झाला की,” चिझुरू म्हणाली. “नऊ वेळा पळाले.”

आजी माझ्या पायांकडे बघून हसल्या. कारखान्यात पंचवीस वर्षांचं मानपत्र मिळालं तेव्हाही मला एवढं भरून आलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी हातानाकासाननी तीन खिडक्या आणि शेवटी एक खोली उभी केली होती. खोलीला दार, आत लाकडी फळ्यांची जमीन, वीतभर उंच. शेवटच्या दोन चकत्या त्या फळ्यांवरून पाडायच्या. आधी सगळ्यांना फिरून पाहायची मुभा असते. मी पायरी पाहिली आणि मनात म्हटलं, अगदी घरच्यासारखं आहे. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

ओगामीसान आधी गेले. चौदा पूर्णांक एक.

मग मी. पीं. पहिली खिडकी, दोन चकत्या. दुसरी खिडकी, तीन. लोक मला नंतर म्हणाले की आम्हाला तुम्ही सरकताना दिसलात, पळताना नाही. तिसऱ्या खिडकीपाशी माझं पिस्तूल माझ्या आधी पोचलं होतं. मी जिंकत होतो, हे मला तळपायांत कळत होतं. दार उघडलं. पायरी आली.

पुढचं मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की शेवटची चकती पडली तेव्हा फळ्या गार लागल्या. मागे पाहिलं. माझे बूट पायरीखाली जोडीने उभे होते. तोंड दाराकडे. हातानाकासान टायमर हातात धरून त्यांच्या अलीकडेच थबकले होते.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कशाला हसतील? प्रत्येकाच्या मनात हेच होतं, की आपणही काढले असते.

“चौदा पूर्णांक चार,” हातानाकासान म्हणाले. मग नियमांचं पुस्तक चाळून, “बूट काढण्याला दंड नाही.”

ओगामीसाननी मला वाकून नमस्कार केला. “वाईट वाटून घेऊ नका. चाळीस वर्षं मी लोकांच्या पायरीपर्यंत गेलो, पुढे या असं कोणी म्हटलंच नाही. पुढे बूट काढतात हे माझ्या पायांना कुठून कळणार?”

मागच्या बाकावर मला बघायला आलेल्या मागाराआजी चिझुरूच्या कानात सांगत होत्या, “एकदाही आवाज आला नाही.” चिझुरू डोळे पुसत म्हणाली, “बूट किती सरळ ठेवले.” मग मोबाइलमधला व्हिडिओ मागे-पुढे करून तिने हिशेब काढला. बूट: एक पूर्णांक एक सेकंद. आमचा आजवरचा उच्चांक. हरलो होतो तीन दशांशाने.

घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. सात वाजले. सव्वासात झाले. खालून ठक झालं. मी हललो नाही. पुन्हा ठक.

चिझुरू उठली. आठवड्याभराची वर्तमानपत्रं आणून तिने पायरीपासून आतल्या खोलीपर्यंत अंथरली, कडेला कड जुळवून.

“बूट घाला,” ती म्हणाली. “घरात बुटांसकट पळायचं. पुढच्या वर्षी ती पायरी पुन्हा आली तर?”

“तुझ्या चटईवर?”

“निघा, मी विचार बदलायच्या आत.”

सव्वीस वर्षांत एवढं मोठं कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं. मी व्हरांड्यात गेलो. पीं. अंग झुकवलं, मागच्या पायाने ढकललं, आवाज नाही. दार. पायरी. मग कागदांवरून पहिली खोली, दुसरी खोली, गुडघे वाकलेले, पिस्तूल डोळ्यासमोर.

तळव्याला वर्तमानपत्र गार लागलं.

मागे वळून बघायची गरज नव्हती. चिझुरू दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बघत होती.

“शून्य पूर्णांक आठ,” ती म्हणाली.

मी मनात वजाबाकी केली. एक पूर्णांक एकमधून शून्य पूर्णांक आठ. तीन दशांश!

“म्हणजे आज बरोबरी झाली असती,” म्हणत मी आनंदाने जागच्या जागी उडी मारली.

खालून दोनदा ठक झालं.