दगडूअण्णा लाइक तपासतात

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दगडूअण्णांसारख्या मोठ्या माणसावर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तरी लिहितो, कारण फेसबुकवर कुणी लाइक केलं की त्याच्या घरी जाऊन “मनापासून केलं का?” असं विचारणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

अण्णांची हयात जालन्याच्या मोंढ्यात मापाडी म्हणून धान्य मोजण्यात गेली. महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या गल्लीतल्या सुरेखाताई उभ्या राहिल्या आणि त्यांचे व्हिडिओ टाकायचं काम माझ्याकडं आलं. प्रचार किती पोचतोय, कुणाकुणाचे लाइक आलेत, हे मी ताईंना मोबाइलवर दाखवत होतो. अण्णा शेजारीच बसले होते.

“पोत्याचं तोंड काय दाखवतो रे? वरचा माल सगळ्यायचाच चांगला ऱ्हातो. खोल हात घालून मूठ काढावी लागती.”

दुसऱ्या दिवसापासून ते मला घेऊन जुन्या जालन्यात दारोदार फिरू लागले. नसीमचाचींच्या दारात म्हणाले, “भाभी, तुमचा अंगठा आल्ता. मनापासून दिला का?”

“कायका दिलसे, अण्णा! नातूने दबाया. आए तो बैठो, चाय पीके जाव.”

चहा पिताना अण्णांनी त्यांच्या गुडघ्यांची, नातवाच्या परीक्षेची चौकशी केली. बाहेर आल्यावर मला निकाल सांगितला, “ओला माल हाय. वाळू दे.” एका घरी तर तासभर बसले आणि ताईंचं नाव काढायचंच विसरले.

ताई वैतागल्या. “अण्णा, माझा प्रचार करून राह्यले का चहा पिऊन राह्यले?”

“तपासणी चालू हाय, बाई. जल्दी केली का मापात खोट येती.”

मतदान जवळ आलं तसे अण्णा गप्प गप्प राहू लागले. एका संध्याकाळी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून ते एकटेच राहतात. कुलूप काढता काढता म्हणाले, “बिनकामाचं कुणाच्या दारात कसं जावं रे? मोंढा होता तवर बराबर होतं. आता मतदान झालं का हे बी मिटलं.”



आणि निवडणूकच पुढं ढकलली. ग्रुपवर बातमी पडली, ताईंनी कपाळाला हात लावला. अण्णांकडं साधा बटणांचा फोन, त्यांना पत्ताच नव्हता. प्रचार थांबला की त्यांचं फिरणंही थांबणार, म्हणून त्यांना सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी दुसऱ्या दिवशी गेलो आणि चाचरत सांगून टाकलं.

“नवी तारीख?”

“ठरली न्हाई अजून, अण्णा.”

 अण्णा उठले आणि पायानंच चप्पल शोधू लागले.

“मंग तवर लोकायची मनं पलटतीन की रे,” ते म्हणाले. “परत इचारावं लागंल सगळ्यायला.”