दोन पात्या, दोन कर्णे आणि नवा कारभारी

श्री. कान देणाऱ्यास पहिले नमन, आवाज देणाऱ्यास दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये जो उगी बसून ऐकतो त्यास तिसरे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, त्या साली हा प्रसंग घडला. साल सरता सरता थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या घरचे, चिरंजीव अजितराव यांणी फोनवरून पुसले, की वाटणीत आमच्या मातोश्रींकडे आलेला स्पीकर धाकट्या काकूंचे घरी कसा? प्रश्न वाजवी. दोन शब्दांत उत्तर देता येईना, म्हणोन पहिल्यापासून जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही आणि कोणाचे झाकलेही नाही.

पूर्वी नदीकाठच्या एका राज्यात दोघे बंधू नांदत होते, थोरले बाळगोंडा आणि धाकटे भूपाल. राज्य म्हणजे पेठेतील सायकलींचे दुकान आणि मागे चार खोल्या. घोडदळ पाऊणशे सायकलींचे, आणि ते तासाच्या भाड्याने मुलुखगिरीस जात असे. शाळेची पोरे नेत, गवळी नेत, नवे जावई नेत, आणि ज्यांचे पाय जमिनीस टेकत नसत तेही स्वारी करून गुडघे फोडून परत येत. राज्यास बरकत आली, तेव्हा उभयतां बंधूंनी एकविचारे स्टिरिओ आणविला. त्याची रचना ऐसी, की तबकडी फिरवणारे यंत्र एक. सुईचा बारीक आवाज उचलून मोठा करणारा ॲम्प्लिफायर एक, त्यास घरात कारभारी म्हणत, कारण बोलणे दुसऱ्याचे आणि जोर त्याचा. आणि तो जोर बाहेर सोडणारे लाकडी पेटीतले स्पीकर दोन, त्यांस कर्णे म्हणत. डावा कर्णा फडताळापाशी आणि उजवा खिडकीपाशी. घर जैनांचे, जेवणे दिवस मावळण्याआधी उरकत, म्हणोन संध्याकाळ मोकळी. मग दुकानाच्या फळ्या लागल्या, की भूपालराव फडक्याने तबकडी पुसून लावीत आणि सारे राज्य ऐकावयास बसे. थोरल्या बाईसाहेब राजमती खिडकीपाशी बसत, धाकट्या शालन फडताळापाशी बसत, आणि मध्ये निवडावयाच्या तांदळाचे ताट. त्या काळच्या कित्येक तबकड्यांत गाणे दोहींकडे वाटून भरलेले असे. एका गाणाऱ्या बाईंची तबकडी घरात फार लाडकी होती, तिच्यात गळा सारा उजव्या कर्ण्यात आणि तबला सारा डाव्यात. ज्याच्याजवळ जो कर्णा त्यास तोच मोठा, दुसरा झाकला जाई. राजमती गळ्यापाशी, शालन तबल्यापाशी. शालनची मान आपसूक हाले. हे सारे आता लिहिताना तांदळाचा वाससुद्धा येतो, पण तो मजकुरात घालता येत नाही.

पुढे दारोदार मोटारसायकली आल्या, घोडदळास गंज चढला, आणि रिकाम्या राज्यात कलह शिरला. कोणी काय बोलिले ते आता सांगून फळ नाही. वाटणीस पंच म्हणोन बंधूंचे मामा तात्यागोंडा यांस पाचारिले. मामांचा न्याय सरळ, जोडीचे एकेक आणि एकट्याचे आळीपाळीने. समया दोन होत्या, एकेक दिली. पाळण्याच्या कड्या चार होत्या, दोन दोन दिल्या, आणि दोन कड्यांवर पाळणा कैसा टांगावा हे कोणी पुसले नाही. मग स्टिरिओ पुढे आला. कारभारी थोरल्यांस गेला, तबकडीचे यंत्र आणि तबकड्या धाकट्यांस गेल्या, आणि कर्णे उरले. भूपालराव म्हणू लागले, की कर्णे तरी एके ठायी असावेत, कोणाकडे का असेनात. तेव्हा राजमतीबाई पदर सावरून बोलिल्या, “वाटा की एकेक. शालनला मान हलवाय एक पुरे.” बसलेली मंडळी हसली, मामाही हसले. शालनबाई हसल्या नाहीत. आणि ते वाक्य त्यांणी जपले, जसे कोणी वाटणीत मिळालेले भांडे जपते.

मग दोन पात्या दोन ठिकाणी राहावयास गेल्या. थोरली पाती नदीअलीकडे, धाकटी पलीकडे. कारभारी होता तिथे तबकडी नाही, तबकडी होती तिथे कारभारी नाही, ऐसे होऊन दोन्ही राज्यांत शांतता जाहली, आणि ती शांतता कोणी मोडली नाही. एकदा विजेचा दाब चढला आणि थोरल्यांकडील कारभारी बसल्या जागी जळाला, तो भंगारात गेला. भूपालराव निवर्तले, तेव्हा राजमतीबाई येऊन बसून चहा न घेता गेल्या. मग बाळगोंडाराव निवर्तले, तेव्हा शालनबाई जाऊन बसून चहा न घेता आल्या. मुले परमुलखी चाकरीस गेली. शालनबाईंच्या डोळ्यांवर पडदा आला, वर्तमानपत्र सुटले, टीव्ही म्हणजे रंगीत धुके जाहले. कान तेवढे शाबूत राहिले, आणि त्यांस काम नव्हते. दिवसातून कुकर बोले, कधी फोन बोले, एरवी कोणी बोलत नसे.

ऐसे असता चैत्रमासी त्यांणी मनसुबा केला, की नवा कारभारी नेमावा आणि तबकडी ऐकावी. कन्या सुनंदा हिने पाच हजार धाडिले आणि सांगितले, की यापुढे खर्च नको, नाहीतर आई, मी पाठवते तो बोलका डबा घे. बाईसाहेब आपला डावा कर्णा रिक्षात घालून पेठेत गेल्या. पहिला मुक्काम काचेच्या दुकानी. तिथला विक्रेता कर्ण्याकडे पाहून म्हणाला, “आज्जी, हा खोका फेकून द्या. हे बघा, नळकांड्याएवढं आहे, याच्याशी बोललात तर हे बोलतं.”

“काय बोलतं?”

“हवामान सांगतं.”

“ते मला खिडकीतनं कळतं.”

मग त्याने पाच कर्ण्यांस पुरेल ऐसा थोर कारभारी दाखविला. त्याचे मोल ऐकून बाईसाहेबांनी कर्णा उचलावयास सांगितले आणि तिथून कूच केले. दुसरा मुक्काम इलाही मुजावर याचे दुकानी, जो लग्नामंडपांस भोंगे पुरवी आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून विकी. त्याने कर्ण्याची जाळी काढून पाहिली. कागदी पडदा धड होता, पण त्याच्या कडेचा स्पंज भुगा होऊन खाली सांडला होता. मुजावर म्हणाला, स्पंज नवा लावून देतो, कारभाऱ्याचे मात्र जपून करा. फार जोराचा घेतला तर म्हाताऱ्या पडद्याच्या चिंध्या होतील; अगदी दुबळा घेतला तर तो आवाज चढवताना किंचाळेल आणि त्या किंचाळण्याने पेटीतला वरचा बारीक कर्णा जळेल; तळहाताएवढे नवे स्वस्त कारभारी निघाले आहेत, निळा दिवा सुरेख लागतो, पण त्यांस तबकडीच्या सुईची वायर जोडावयाची खुंटी नसते. “मावशी, ह्या वयाच्या स्पीकरला जोर नको, धीर पायजे,” ऐसे बोलून त्याने फळीवरून दोन कारभारी काढिले. एक एकपदरी, एकाच कर्ण्याचा, स्वस्त, पाच हजारांत बसून वर काही उरेल ऐसा. दुसरा दुपदरी, दोन कर्ण्यांचा, जुना पण अंगाने धडधाकट, सुईची खुंटी असलेला, आणि पाच हजारांच्या अंमळ वर. मुजावर म्हणाला, एकपदरी न्या. दोन्ही वायरी एकत्र जोडून देतो, सगळे गाणे एकाच कर्ण्यात येईल, दुसऱ्याची गरजच नाही. बाईसाहेबांनी दोन्ही कारभारी हाताने चाचपून पाहिले. आयुष्यभराची सोय होत होती, तीही थोडक्यात.

मुजावराने विचारिले, “दुसरा स्पीकर हाय का कुठं?”

“हाय. जावेकडं.”

“मग आणा की.”

बाईसाहेबांनी दुपदरी बांधावयास सांगितला आणि वरची रक्कम दुधाच्या पैशांतून भरिली.

घरी आणून मुजावराने जोडणी करून दिली आणि तो गेला. बाईसाहेबांनी ती तबकडी लाविली. डावा कर्णा एकटा, म्हणोन तबला वाजू लागला, सुरेख वाजू लागला, आणि गाणारी बाई आलीच नाही. तबला थांबे, वाट पाही, सम गाठी, आणि ज्याच्यासाठी हे करायचे ते नव्हते. मग त्यांणी चाचपडत कर्ण्याची वायर दुसऱ्या खुंटीस लाविली, तो गळा आला आणि तबला गेला. बाई एकटी गाऊ लागली, आधार नसता, जसे कोणी रिकाम्या घरात बोलते. बाईसाहेबांनी तबकडी उचलिली. दुसरे दिवशी हौसा भाजीवाली, जी पुलावरून दोन्ही पात्यांस भाजी घाली, तिला वकील करून थोरल्यांकडे धाडिले, की कर्णा एक दिवस द्यावा. उत्तर आले, की कर्णा देणार न्हाई, मामांनी वाटून दिलाय, पायजे तर यंत्र इकडं आण. शालनबाईंनी कळविले, की यंत्र जड आहे आणि कारभारी नवा आहे, त्यास हलवू नये म्हणतात. उत्तर आले, की मग ऱ्हाऊ दे. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, वकील मेथी आणि निरोप दोन्ही वाहून थकली आणि म्हणाली, “तुम्ही दोघी मरायच्या आधी मीच मरीन ह्या पुलावर.”

हे वाक्य हौसाने थोरल्यांकडेही सांगितले असावे. कारण आषाढातल्या एका गुरुवारी दारात रिक्षा उभी राहिली आणि राजमतीबाई उतरल्या, उशीच्या अभ्र्यात घातलेला कर्णा मांडीवर लेकरासारखा धरून. नमस्कार नाही, विचारपूस नाही. उंबऱ्यातच म्हणाल्या, “दिलेला न्हाई. घेऊन आलेय. ऐकून झालं की घेऊन जाणार.”

“बरं आक्का,” शालनबाई म्हणाल्या.

कर्णा खिडकीपाशी ठेविला. त्याचा स्पंजही झिजला होता, पण भुगा नव्हता, आणि लाकडास तेलाचे बोट फिरविलेले दिसत होते. राजमतीबाईंस खिडकीचा वारा कानास सोसेना, म्हणोन त्या फडताळापाशी बसल्या, आणि शालनबाई खिडकीपाशी. इतक्या वर्षांत जागा पहिल्यानेच बदलल्या. तबकडी लाविली. नव्या कारभाऱ्याने उतावीळ केली नाही, दोन्ही म्हाताऱ्यांस सांभाळून आवाज उचलिला. गळा खिडकीकडून आला, तबला फडताळाकडून आला, आणि मध्ये, जिथे पूर्वी ताट असे, तिथे गाणे उभे राहिले. राजमतीबाई कपाळास आठ्या घालून ऐकत राहिल्या.

“हे काय नवीन घातलंस?”

“तबला हाय, आक्का.”

“एवढा?”

“पैल्यापासनं हाय.”

त्या पुन्हा ऐकू लागल्या. तबला थांबला, वाट पाहिली, समेवर आला, आणि राजमतीबाईंची मान हालली. त्यांस कळले, की हालली. तबकडीची बाजू संपली, सुई कडेशी खरखरू लागली, तरी दोघींतील कोणी उठेना. मग राजमतीबाई जमिनीकडे पाहून बोलिल्या, “मला वाटायचं तू उगंच मान हलवतीस. मला दाखवाय.”

शालनबाईंकडे या बोलण्याची उत्तरे वर्षानुवर्षांची साठविलेली होती. ती त्यांणी तशीच राहू दिली. त्या म्हणाल्या, “चहा टाकू का?”

“टाक,” राजमतीबाई म्हणाल्या.

चहा जाहला, आणि बोलल्याप्रमाणे कर्णा अभ्र्यात घालून त्या रिक्षाने परत गेल्या. पुढे दर गुरुवारी हाच क्रम पडला. कर्णा येई, वाजे, चहा होई, कर्णा जाई. शालनबाई म्हणत, की इथेच ठेव, वाहतेस कशाला, तर उत्तर ठरलेले, की मामांचा न्याय मोडायचा न्हाई. शालनबाईंस ते कळले होते. कर्णा इथे राहता तर गुरुवारी येण्यास कारण राहिले नसते. बाकीचे दिवस दोन्ही पात्यांत शांतताच असे, परंतु तिला आता शेवट होता. ऐसे करिता अश्विन आला. एका गुरुवारी निघताना राजमतीबाईंनी कर्णा उचलिला, पुन्हा खाली ठेविला, आणि बोलिल्या, “आज ऱ्हाऊ दे. दंडात कळ येतीया.”

“पुढच्या खेपेला नेशील?”

“मग सोडते व्हय? माझा हाय तो.”

पुढचा गुरुवार आला. शालनबाईंनी चहाचे आधण ठेविले, आणि रिक्षा आली नाही. संध्याकाळी हौसा आली, भाजीची पाटी न घेता.

आता कोणाचे काय जाहले ते लिहून मजकूर पुरा करितो. तात्यागोंडा मामा फार पूर्वी गेले, आणि त्यांच्या समयांची जोडी त्यांच्या दोन पुत्रांत एकेक गेली. काचेच्या दुकानी आता चष्मे विकतात. इलाही मुजावर याने दोन्ही कर्ण्यांस नवा स्पंज लाविला, उजव्याचे पैसे घेतले नाहीत. हौसा अजून पुलावरून येते, थोरल्यांच्या काठावर तिला आता थांबावे लागत नाही. कारभारी इमानाने चालतो, तासाभरात अंगाने कोमट होतो. राजमतीबाई अश्विन वद्य पक्षात, झोपेत, कोणास हाक न मारिता गेल्या. शालनबाई गुरुवारी तबकडी लावितात. कधी खिडकीपाशी बसतात, कधी फडताळापाशी, आणि जिथे बसतील तिथून समोरची जागा रिकामी दिसते, डोळ्यांवर पडदा असूनही दिसते. तरी अजितराव, कर्णा थोरल्या पातीचाच आहे. इथे ठेव म्हणोन आहे, अभ्रा धुऊन घडी करून ठेविला आहे. न्यावयास यावे. गुरुवारी यावे, चहा घ्यावा, एक बाजू ऐकावी, आणि निघतेवेळी कर्णा जड वाटला तर पुढच्या खेपेस न्यावा.