बायकोची मान आणि माझ्या बिजागऱ्या

सव्वीस वर्षं मी बिजागऱ्या विकतोय. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, पेटीच्या! कुठला सांधा हलता ठेवायचा आणि कुठला कायमचा ठोकून बंद करायचा, हे मला जगात कोणी शिकवू नये. त्यामुळे बायकोच्या मानेतल्या एका चकतीने दगा दिला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "अगं, सांध्याचाच तर प्रश्न आहे! हा तर आपल्या घरचा धंदा!"

ती हसली नाही. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट दोन महिने बधिर होतं. मानेपासून हातात अशी कळ जायची, की कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवावी लागायची. आणि ती गाडी चालवायला शिकवते हो, एकोणीस वर्षं! अर्ध्या शहराला तिनं गाडी मागे घ्यायला शिकवलंय. सध्या मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलाशी बसून फॉर्म भरत होती, तेही डाव्या हाताने.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बिघडलेली चकती काढायची आणि शिरेवरचा दाब मोकळा करायचा. मग त्या जागी एक तर हलणारी कृत्रिम चकती बसवायची, नाहीतर वरखालचे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. "गुरुवारी मान वाकवून एक्स-रे काढू, मग ठरवू," म्हणाले.

पण गुरुवारपर्यंत दम धरतोय कोण! त्यातून माझा मेव्हणा वेल्डर. तो त्याच संध्याकाळी जेवायला हजर.

"भावोजी, सरळ जोडून टाकायचं! एकदा टाका मारला की कटकट संपली."

"हलायची वस्तू हललीच पाहिजे!" मी भाकरीसकट हात उगारला. "चकतीच बसवायची!"

"आणि तुमच्या बिजागऱ्या चार वर्षांत कुरकुरतात, त्याचं काय?"

"तुझे टाके पहिल्या धक्क्याला सुटतात, त्याचं काय?"

"माझी मान आहे की फाटक?" बायको कडाडली. ताट उचलून ती आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ओट्याकडे तोंड करून उभी. हळूच म्हणाली, "अहो, मान वळलीच नाही तर मागचं दिसणार कसं मला? मग मी जन्मभर फॉर्मच भरायचे का?"

मेव्हण्याशी भांडण सोपं होतं, या प्रश्नाशी कसं भांडणार! तेव्हा मी ठरवलं, की जोडलेली मान म्हणजे काय ते आधी आपण भोगून बघायचं. दिवसभर मान न हलवता काढायचा आणि संध्याकाळी डॉक्टरांपुढे अनुभवाचा पुरावा टाकायचा. चकती पास, टाका नापास!

गुरुवारी बायको स्कूलमधून परस्पर हॉस्पिटलात येणार होती. मी सकाळीच दुकानात कामाला लागलो. पाठीमागे अॅल्युमिनियमची उभी पट्टी घेतली, कमरेपासून टाळूपर्यंत. गळ्याभोवती फोम. हनुवटीखाली दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावतात तो रबरी ठोकळा. आठ स्क्रू! आणि पुढे पेटीला लावतात तसली चापाची कडी, दाबली की आपोआप कुलूप लागणारी. टक्! काय सुबक काम झालं होतं म्हणून सांगू!

चावी गल्ल्यात होती आणि दिवस संपेपर्यंत ती लागणारच नव्हती. वरून मफलर गुंडाळला.

पहिल्या तासात पायरी चुकली. दुसऱ्या तासात चहा कपाऐवजी बशीत आणि बशीऐवजी गिऱ्हाइकाच्या बुटात गेला. बुटाच्या नाड्या बांधायला मला जमिनीवर आडवं व्हावं लागलं आणि उठायला शेजारचा चष्मेवाला बोलवावा लागला. दुपारी तर खिशातला पेन शोधण्यात वीस मिनिटं गेली. तो कानावर होता. प्रत्येक फजितीला मी मनात टाक्याचा एक मार्क कापत होतो आणि प्रत्येक वेळी बायको डोळ्यांपुढे येत होती. फजिती माझी संध्याकाळी सुटणार होती, तिची कशी सुटणार?

संध्याकाळी तिची फाइल छातीशी धरून मी हॉस्पिटलात शिरलो. दारातल्या नर्सबाईंनी एकदा माझ्या मानेकडे पाहिलं, एकदा फाइलवरच्या 'मान' या अक्षरांकडे.

"मामा! खुर्ची आणा!" त्यांनी वॉर्डबॉयला हाक मारली.

"अहो, पेशंट मी नाही. माझी बायको आहे."

"हो, हो. बायको आल्या की बोलू त्यांच्याशी. तुम्ही बसा आधी."

"मला काहीही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात सगळे," मामा प्रेमाने म्हणाले आणि मला चाकांच्या खुर्चीत दाबून बसवलं. मी मान हलवून नकार देऊ लागलो, पण हलवायला मान होती कुठे! नुसतेच डोळे गरागरा फिरले. ते पाहून मामांनी खुर्चीचा वेग वाढवला.

खुर्ची बाकांच्या रांगेपुढून गेली आणि मागून हाक आली, "अहो! अहो, काय झालं हो तुम्हाला?"

बायको! मला मागे वळताच येईना. तिच्या चपलांचा धावण्याचा आवाज, तिचा थरथरता "अहो" आणि मी आपला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघतोय. खरं सांगतो, दिवसभरात तेवढं एकच मला असह्य झालं.

"काही नाही गं! प्रयोग आहे!" मी घड्याळाला सांगितलं.

"डोक्याला मार लागलाय वाटतं," मामा म्हणाले आणि थेट एक्स-रेच्या खोलीकडे धावत सुटले.

एक्स-रेवाल्या बाईंनी मफलर काढला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. "अगं बाई! कोणत्या डॉक्टरांनी केलं हे?"

"मीच. दुकानात."

तोवर बायको आत पोहोचली होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग मागून तिचा आवाज आला, अगदी सावकाश. "पाठीच्या पट्टीवर दुकानाचं लेबल आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

डॉक्टर आले. हसले नाहीत, त्यांची ओठ चावायची सवय दांडगी असावी. चावी गल्ल्यातच राहिली होती, म्हणून स्वतःच्या हाताने आठही स्क्रू काढता काढता त्यांनी विचारलं, "कशासाठी हा उद्योग?"

मी खाली मान घातली. घालता आली, म्हणून घातली. "मान जोडली तर हिला कसं वाटेल, ते बघत होतो. मला भीती वाटतेय हो, डॉक्टर. ही गाडीत बसली नाही, तर पूर्वीची ही राहणार नाही."

बायकोने डाव्या हाताने माझा मफलर उचलून घडी घातली, मग पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"तुम्ही आज एकदम सगळेच सांधे बंद केलेत," डॉक्टर म्हणाले. "मी एकच करणार. आणि मान वळवण्याचं निम्मं काम सगळ्यात वरचा सांधा करतो. यांचा बिघाड पार खाली आहे. चकती घाला किंवा जोडा, हाताची कळ साधारण सारखीच थांबते."

"मग चकतीच घाला!" मी म्हणालो.

बायकोचे एक्स-रे काढून झाल्यावर त्यांनी ते दिव्यावर लावले. "चकतीने तिथली हालचाल टिकते, शेजारच्या सांध्यांवर ताण कमी पडावा अशी अपेक्षा असते. पण त्यासाठी मागचे छोटे सांधे धड हवेत. यांचे झिजलेत. हलते ठेवले तर तेच दुखत राहतील. तुमची चौकट सडली असेल, तर नवी बिजागरी बसवता का?"

सव्वीस वर्षं मी हेच गिऱ्हाइकांना सांगत आलोय! मी मान डोलावली.

"मला मागे बघता येईल?" बायकोने विचारलं.

"येईल. थोडा खांदाही वळवावा लागेल कदाचित."

"खांदा तर मी शिकणाऱ्या मुलांनाही वळवायला सांगते," ती म्हणाली. "जोडा."

ऑपरेशन नीट झालं. दोन रात्री मी तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपलो. दुसऱ्या सकाळी विचारलं, "बोटांना काही जाणवतंय का गं?" तिने उजवा अंगठा आणि शेजारचं बोट माझ्या दंडाशी आणलं आणि असा चिमटा काढला, की मी किंचाळलो. डोळ्यांत पाणी आलं. चिमट्याने नाही.

मेव्हणा अजून मिशीला पीळ देत सांगतो, "शेवटी जोडलंच ना!" सांगू दे.

आम्ही घरी आलो आणि लगेच चष्मेवाला सपत्नीक भेटायला आला. बायको ताठ बसून चक्क हसत होती. खुर्चीत झोपून माझी मान मात्र अशी आखडली होती, की डॉक्टरांनी मऊ पट्टा बांधायला दिला होता. चष्मेवाल्याच्या बायकोने तडक माझा हात हातात घेतला. "फार सोसलंत हो तुम्ही! ऑपरेशन अवघड होतं का?"

मी असहायपणे बायकोकडे बघायला गेलो. बघता येईना.

"यांचं नाही, माझं झालं," बायको म्हणाली. "यांना तसंच घेऊन आले. माल परत घेत नाहीत ना!"